देवाला तू, अप्पांना तुम्ही

९ जानेवारी १९५६

आज दुधाच्या रांगेत भांडले. भांडणारच!

मिशनच्या फाटकाशी परळच्या चाळींतल्या पोरांसाठी भुकटीचं दूध वाटतात. वाटायला परदेशातून नव्या पोरी आल्यात, सेवा करायला. मिशनचा पाळक, आमचा सायब, त्यांना बोटीवरून आणतो, त्याची मडमबाई मराठी शिकवते, मी जेवू घालते. त्यातली कॅरल अप्पांना म्हणाली, "ए अप्पा, तू मागे जा." अप्पांना! सगळा जन्म गिरणीत गेला त्यांचा, नातवासाठी भांडं धरून उभे होते. तसेच निघाले. म्हणाले, "मालनबाई, बाप गेल्यापासून मला कोणी तू म्हटलं नाही."

मी हाका मारल्या. थांबले नाहीत.

१० जानेवारी

मडमबाईला सांगितलं, पोरींना तुम्ही म्हणायला शिकवा. हसली. "मालन, आपण देवाला तू म्हणतो. मग माणसाला तुम्ही कशाला?"

म्हटलं, देव भांडं घेऊन रांगेत उभा राहतो का?

"राहतो," म्हणाली.

मग काल त्यालाच हाकललंत!

१२ जानेवारी

आजपासून मी पण! "सायबा, तू जेवायला ये. तुझी भाजी निवतेय." सायबाला काही लागलंच नाही. "येतो, मालन," म्हणाला, आला, जेवला.

मडमबाईचे कान मात्र लाल. म्हणजे कळतं तिला!

१७ जानेवारी

मुंबई महाराष्ट्राला नाही म्हणे. कालपासून दगड, लाठ्या, गोळ्या. लालबागकडून आवाज येतात. कर्फ्यू.

सायबानं सगळ्यांना प्रार्थनेला बसवलं आणि वर हुकूम — मिशनच्या माणसानं ह्या राजकारणात पडायचं नाही. पडेल त्यानं खोली सोडायची. "सरकारनं आपल्याला घालवलं तर दूध कोण वाटेल?"

दुधाचं खरं आहे. तेच टोचतं.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून माझी मराठी धुऊन गेली का? मडमबाईनंच मला अक्षरं शिकवली. ती कुठली शिकवली मग?

३ फेब्रुवारी

चंपा आली होती, अप्पांची सून. उद्या करी रोडवरून बायकांचा सत्याग्रह निघणार. "मालनबाई, तुमची खोली जाईल हो. तुम्ही नका येऊ."

नका येऊ म्हणे! उद्याचं लुगडं काढून ठेवलंय.

५ फेब्रुवारी

काल पकडलं. गाडीत कोंबलं तरी ओरडत होतो — मुंबईसह महाराष्ट्र! घसा पार बसलाय.

चौकीत फौजदाराचं चाललेलं, "ए बाई, तुझं नाव काय? नवरा कुठाय तुझा?" म्हटलं, वर गेलाय, जा, विचारून ये. एवढ्यात दारात मडमबाई! टोपी वाकडी, तोंड उन्हानं लाल, एकटीच आलेली. फौजदार खुर्चीतून उठला.

ती त्याला म्हणते, "ह्या मालनबाई. ह्यांना तू म्हणू नकोस. तुम्ही म्हण!"

आम्ही बायका फस्सकन हसलो. चंपा म्हणाली, "अगं बाई, आणि फौजदाराला तू!"

मडमबाई माझ्या कानाशी आली. "मुद्दाम."

संध्याकाळी सगळ्यांना दम देऊन सोडलं. घरी आल्यावर सायब म्हणाला, मालन, खोली रिकामी कर. मडमबाई म्हणाली, "मग मी पण बंगला रिकामा करते." सायब न जेवता झोपला. झोपू दे!

६ फेब्रुवारी

खोली आहे. कॅरल आज रांगेत — "अप्पा, तुमचं भांडं द्या." अप्पांनी दिलं.

१२ मार्च

त्यांच्या देशातल्या मिशनच्या मंडळीनं सायब-मडमबाई दोघांना परत बोलावलंय. पाळकाची बायको पोलीस चौकीत गेली म्हणून. दूध बंद नाही, दुसरा सायब येतोय. आमच्या सायबानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "मालन, त्या दिवशी तू गेली नसतीस तर—"

हो, गेले. परत जाईन! मुंबई मिळेपर्यंत जाईन.

आज भाकरी करपली. मुद्दाम नाही.

६ एप्रिल

बंदरावर गेले. बोटीचा भोंगा झाला. मडमबाईनं माझे दोन्ही हात धरले. "मालनबाई, मी तुम्हाला—"

म्हटलं, गप गं. तू म्हण.