शाल आणि श्रीफळ

ब्रिस्टल, ४ मे २०२५

ती. स्व. बाबांस,
देवयानीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर साकेतदादाचं नाव निघालं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून पत्र. पत्रही मध्येच खाली ठेवता येतं, हे लिहायला बसल्यावर सुचलं. तरी शेवटपर्यंत वाचावं.

दादाचा ‘कोल्ड फर्नेस’ बँड बंद होतोय. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांनी तो काढला. त्यांचा ड्रमर सासऱ्यांची बेकरी चालवायला गेला, तेव्हा त्याच्या जागी दादा इथली इंजिनिअरची नोकरी सोडून तिकडे गेला. बेल्जियममध्ये नाव झालं, फिनलंडमध्ये जास्त झालं, इंग्लंडमध्ये झालं नाही. त्यांची गाणी ओरडूनच म्हणायची असतात, आणि आता गायकाला डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली आहे. शेवटचा कार्यक्रम २४ तारखेला ब्रिस्टललाच आहे.

दादा म्हणाला, बाबांना सांगू नकोस, ते नाहीच म्हणतील. सात वर्षांत तो घरी आला नाही आणि तुम्ही त्याला ऐकलं नाहीत. ऐकण्याची ही शेवटचीच संधी. आवाज फार मोठा असतो, म्हणून सोबत कानात घालायची बोंडं पाठवते आहे.

लोभ दोघांवर सारखा असावा, ही विनंती.
देवयानी

कॉव्हेंट्री, १० मे

चि. देवयानीस अ. उ. आ.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. ज्याला तबल्यासाठी दर शनिवारी लेस्टरला नेलं, तो मुलगा पायाने ढोल बडवतो, याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. परंतु निरोपाच्या कार्यक्रमाला मोकळ्या हाताने जायची आपल्यात पद्धत नाही. इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या लॉलीपॉप लेडीचासुद्धा सत्कार केला आहे. शाल-श्रीफळ घेऊन येतो. सत्कार आरंभी की मध्यंतरात, हे आयोजकांना विचार. मध्यंतरात चहा मिळतो का, असं तुझी आई विचारते.

प्रकृतीस जपावे.
तुझे बाबा

ब्रिस्टल, १६ मे

ती. स्व. बाबांस शि. सा. न.

मध्यंतर नसतं. चहा नसतो. खुर्च्याही नसतात, पण तुमच्या गुडघ्यांचं कारण सांगून दोन मिळवल्या आहेत. सत्कार शेवटच्या गाण्याआधी ठरलाय. शाल चालेल. नारळ मात्र टणक आणि फेकण्याजोगा असल्यामुळे आत नेता येणार नाही. तो फेकायचा नसतो, असं मी दोनदा कळवलं, उत्तर तेच आलं. तेव्हा बाबा, नारळ घरीच ठेवा. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. झोप लागत नाही.

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, धीरही असू द्यावा.
देवयानी

कॉव्हेंट्री, २७ मे

चि. देवयानीस अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. नारळ आणला होता, हे तू पाहिलंसच. दारावरच्या गृहस्थांनी तो ठेवून घेऊन बिल्ला दिला. माणूस सभ्य होता. शाल पांघरली तेव्हा जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या मंडळात पडत नाहीत. लोकांना सत्कार हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. साकेत पाया पडायला वाकला तेव्हा एक झांज आडवी झाली, तिलाही टाळ्या मिळाल्या. शेवटचं गाणं त्याने शाल न काढता वाजवलं. उकडलं असणार.

तुझी बोंडं मी पहिल्या गाण्यानंतर काढली, सम कळेना. तू काळजी करत बसली असतीस म्हणून बोललो नाही. एका गाण्यात लय किंचित पळाली. डावा हात अजून लेस्टरचाच आहे. हे त्याला सांगायचं राहिलं, गर्दी फार होती.

निघताना नारळ परत मिळाला, तो देव्हाऱ्यात ठेवला आहे. तुझी आई चटणी करते म्हणाली, मी करू दिली नाही. नुसत्या शालीचा सत्कार अर्धाच राहतो. श्रीफळ घ्यायला सत्कारमूर्तीने स्वतः यावं लागतं, एवढं साकेतला कळव. इकडे ऊन वाढलं आहे. नारळ फार दिवस टिकत नाही.

दोघांनाही आशीर्वाद.
बाबा