पडलेल्या उमेदवाराची आभारफेरी

नाना, गेला आठवडाभर माझ्या दाराची बेल एका गृहस्थाच्या नाकाखाली दबलेली होती. आमच्या नोएडाच्या सोसायटीत सेक्रेटरीची निवडणूक झाली. एका उमेदवाराच्या माणसांनी त्याच्या हसऱ्या चेहऱ्याचा स्टिकर नेमका बेलच्या बटणावर चिकटवला. मला भेटायला येणाऱ्यानं आधी त्याचं नाक दाबावं, अशी काही योजना असावी. नागरिकाच्या मूलभूत हक्कांवर हा घाला आहे, अशी तक्रार मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, आठवली तेवढी घटनेची कलमंही घातली. उत्तरादाखल कुणीतरी दोन जोडलेले हात पाठवले. शेवटी मीच खोबरेल तेल लावून, नखानं खरवडून ते नाक काढलं. बेल स्वतः दाबून पाहिली. छान वाजते. त्यानंतर मात्र ती वाजलेली नाही. म्हणजे ज्याच्यावर मी आठवडाभर डाफरले, तो बिचारा निर्दोष होता.

तो उमेदवार पडलासुद्धा. निकालानंतर लिफ्टमध्ये भेटला आणि मला पाहताच मोबाइलमध्ये शिरला. आठव्या मजल्यापर्यंत त्यानं डोकं वर काढलं नाही. मला तुमची आठवण आली ती तिथे. घरी येऊन इंटरनेटवर तुमचं नाव टाकलं, तर सापडलात की. माजी आमदारांच्या एका पानावर एका ओळीत बसवलंय तुम्हाला: एकदा विजयी, पुढे तीनदा पराभूत, शेवटच्या खेपेला अनामत जप्त. फोटोच्या जागी करडी चौकट. नदीवरचा पूल त्यात नाही, मुलींसाठी दहावीपर्यंत वाढवून घेतलेली शाळा नाही, अख्ख्या कारकिर्दीत सभागृहात ज्यासाठी तुम्ही हट्टानं उभे राहिलात तो एसटीचा थांबा नाही. आणि पराभवानंतरच्या तुमच्या सकाळी तर नाहीतच.

त्यातली पहिली मला नीट आठवते. मी चौथी-पाचवीत असेन. आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. कालपर्यंत आमच्या पोह्यांवर पोसलेले कार्यकर्ते अंगणातून नाहीसे झालेत. तुम्ही आंघोळ करता, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालता, माझं बोट धरता आणि जिथे सगळ्यांत कमी मतं पडली त्या आळीपासून चालायला लागता. तिथला न्हावी समोरच्या पार्टीचा प्रचारक. तुम्हाला पाहून तो दुकानाच्या मागच्या खोलीत गेला. तुम्ही त्याच्या खुर्चीवर आरशासमोर बसून राहिलात, घाई नसलेल्या गिऱ्हाइकासारखे. अखेर तो बाहेर आला.

"साहेब, मी तुम्हाला मत नाही दिलं."

"ठाऊक आहे. मत तुझं होतं, कुणालाही दे. चहा माझ्या हक्काचा आहे, तो आण."

त्या दिवशी आपण घरोघरी इतका गोड चहा प्यायलो की मला मळमळायला लागलं. परतताना मी विचारलं, हरल्यावर कसले आभार मानायचे? तुम्ही म्हणालात, "निवडून आलेल्याच्या दारी लोक येतात. पडलेल्यानं लोकांच्या दारी जायचं. आणि ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याकडे आधी, कारण तेच आपल्याला तोंड चुकवतात. नाही गेलं, तर ते त्यांच्या घरात आणि आपण आपल्या घरात." हे मी तेव्हा पाठ केलं आणि पुढे कित्येक वर्षं चेष्टेनं वापरलं.

आई गेल्यावर मी तुम्हाला दिल्लीत, माझ्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. मी मंत्रालयात फायली हलवायची, तुम्ही बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा. साहेब म्हणणारं कुणी नव्हतं. भाजीवाला अंकल म्हणायचा. एका संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या रणस्मारकाला गेली. तिथे माजी आमदार म्हणून तुम्हाला दोन शब्द बोलायला उभं केलं. तुमच्या शेवटच्या निकालाला गावच्या पेपरनं 'पानिपत' असाच मथळा दिला होता, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत. मी स्वेटरच्या बटणाशी खेळत बसले. तुम्ही माइक धरलात, म्हणालात, "पडलेल्यांना भेटायला इतक्या लांब येता, तुमचे आभार," आणि खाली बसलात. मंडळाच्या इतिहासात एवढं छोटं भाषण झालेलं नाही. परतीच्या वाटेवर, पराठ्यांना थांबलो तेव्हा तुम्ही जाहीर केलंत, की कॉलनीच्या वेल्फेअर असोसिएशनच्या निवडणुकीला उभा राहतो.

नाना, तुमचं हिंदी! "हमको मत दो, नहीं दिया तो भी टँकर लाएगा." अख्खा ब्लॉक तुमच्या प्रचाराला जमायचा, चहा प्यायचा, पोट धरून हसायचा. मतं त्यांनी वरच्या मजल्यावरच्या सरदारजींना दिली. मोजणी कॅरमबोर्डवर झाली. तुम्ही सरदारजींच्या कानात काहीतरी पुटपुटलात, घरी आलात आणि पांढरा सदरा कडुलिंबाखालच्या इस्त्रीवाल्याकडे पाठवलात, कडक करून सकाळी लवकर हवा म्हणून. सकाळ तुम्ही पाहिली नाहीत. हॉस्पिटलात पोचेपर्यंतच सगळं संपलं होतं; पहाटे तुम्हाला घेऊन मी घरी परतले. सदरा तेराव्यानंतर आला. इस्त्रीवाल्यानं तो दोन्ही हातांवर आडवा धरून आणला होता. त्याची घडी मी अजून मोडलेली नाही.

लिफ्टमधल्या त्या माणसानंतर माझ्या मनातून हे जाईना. पानावर नसलेली तुमची शेवटची निवडणूक, आणि आभार मानायची राहिलेली फेरी. पण मानायचे कुणाचे? ते क्वार्टर पाडले, मतदार रिटायर होऊन पांगले, काही तुमच्याकडे आले असतील. जुन्या शेजाऱ्यांत फोन करून सरदारजींच्या बायकोचा पत्ता मिळाला. सरदारजीही गेले. बाई मुलाकडे द्वारकेला असतात. काल तिळाचे लाडू डब्यात घातले आणि मेट्रोत बसले. निळी लाइन, जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनदा वाटलं, उतरावं. इतक्या वर्षांनी जाऊन हसं करून घेण्यापेक्षा घरी बसून दुसऱ्यांचं हसं करणं मला चांगलं जमतं.

दार त्यांनी स्वतः उघडलं. ओळखलं नाही. मी म्हणाले, आर. के. पुरमवाली, नानांची मुलगी. नानांच्या वतीनं आभार मानायला आले.

"किस बात का शुक्रिया, पुत्तर?"

"इलेक्शन का."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हमने तो उन्हें वोट दिया नहीं था. सरदारजी खुद खड़े थे."

"इसीलिए पहले आपके यहाँ आई हूँ."

त्या हसतील असं वाटलं होतं. त्या माझा हात धरून आत घेऊन गेल्या, बसवलं, आणि स्वयंपाकघरात भांडं ठेवता ठेवता तिकडूनच बोलल्या. "तेरे पिताजी ने कान में कहा था, कल सुबह सबसे पहले आपके घर चाय पीऊँगा. सरदारजी तड़के से पगड़ी बाँधके बैठे थे. कहते थे, हारा हुआ आदमी खुद चलके आ रहा है, ढंग से बिठाना. चाय चढ़ा रखी थी मैंने. फिर नीचे से रोने की आवाज़ आई."

रडणारी मीच होते. आमच्या डोक्यावर त्या वेळी चहा उकळत होता, हे मला काल कळलं.

चहा आला. अगदी तुमच्या फेरीतला, साखरेनं चमचा उभा राहील असा. मी तो संपवला. फेरी झाली, नाना. एकाच घराची झाली, पण जिथून सुरू करायची म्हणाला होतात, त्याच घरची.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. पहिला कप मी तुमच्या वतीनं घेतला. मग त्या म्हणाल्या, और लेगी? मी साखर सोडून वर्ष झालंय. तरी कप पुढे केला. तो मात्र माझा होता.