तुमी म्हणाल तसं

७ जानेवारी १९९६, रविवार. इंदापूर.
बाळंतपणात बापाचं काम काय? जाताना सुमितने विचारलं, "मग मी नेमकं काय करायचं?" मी समाजशास्त्र घेऊन बी.ए., घरातली पहिली पदवीधर, आणि एवढं येत नाही. उद्यापर्यंत शोधून काढेन.
पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी इथे. सुमित बारामतीला, एमआयडीसीतल्या डेअरीत. रविवारी मोटारसायकलवर येतो, मटण खातो, दादांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, ट्रॅक्टरवर बोलतो आणि जातो. जावई असल्यामुळे माझ्याशी बोलणं पाण्याच्या तांब्यापुरतं.
भीती वगैरे अजिबात नाही.

९ जानेवारी
उत्तर सापडलं नाही. पण योजना सापडली.
आधी कारण. दोन वर्षांपूर्वी माझी मोठी बहीण करुणाताई याच घरात अडली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्या. दादा म्हणाले, जावयांना विचारल्याशिवाय कसं न्यायचं? भाऊजींचा फोनवर निरोप, "तुमच्या घरी हाय, तुमी म्हणाल तसं." दादा पुन्हा एसटीडी बूथवर, "न्हाय, तुमी म्हणाल तसं." दोघांनी एकमेकांचा मान राखला. बाळ गेलं. ताई वाचली, पण तेव्हापासून माहेरी आलेली नाही.
म्हणून दादा आणि सुमितला समोरासमोर बसवायचं. अडलं तर कोण ठरवणार? एक नाव. चहा होईपर्यंत उरकेल.

१४ जानेवारी, रविवार
बैठक झाली. सुमित म्हणाला, "मामा, तुमी म्हणाल तसं." दादा म्हणाले, "छ्या, पाव्हणं! तुमचं माणूस, तुमी म्हणाल तसं." सुमित म्हणाला, वडीलधारे तुमी. दादा म्हणाले, शिकलेले तुमी. मग मटण झालं.
तत्त्वतः एकमत आहे. नाव तेवढं राहिलं.

१७ जानेवारी
तपासणी. सुमितला हट्टाने रजा टाकायला लावली. आला आणि बाकीच्या नवऱ्यांबरोबर लिंबाखाली उभा राहिला. सिस्टरने "पेशंटबरोबर कोण?" विचारलं, तर त्याने आईकडे बोट केलं.
दादा दवाखान्यात कुणी काही विचारायच्या आधीच हात जोडतात. बाकावर जागा होती तरी भिंतीला टेकून उभे. लहानपणी जातीवरून त्यांना तसंच लांब उभं करायचे. मी म्हटलं, दादा, बसा की. म्हणाले, "हाय ते बरं हाय."
ब्लडप्रेशर वाढलंय. पाय सुजलेत. डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर थांबू नका, तडक बारामतीला जा, असं सिस्टरने सांगितलं. घरी येताना दादांना ते नीट समजावलं. त्यांनी मान हलवली. "पाव्हण्यांच्या कानावर घालू."
प्रगती आहे.

२१ जानेवारी, रविवार
दुसरी बैठक. शिस्त राहावी म्हणून शेजारच्या तानूबाई आजींना अध्यक्ष केलं. चूक झाली. त्या म्हणाल्या, "अगं मेघना, बाप्यांचं काम दारात बसून बिडी वढायचं. ते बी धड जमत न्हाय. माझं म्हातारं तर पेटलेलं टोक तोंडात घालायचं!" दादा हसले, सुमितला ठसका लागला, विषय गेला.
वातावरण खेळीमेळीचं होतं. पुढच्या रविवारी नक्की.
दुपारी बाळ हलत नव्हतं. संध्याकाळी हललं. मी घाबरले नव्हते. फक्त आईचा हात धरून बसले होते.

२५ जानेवारी, गुरुवार. सकाळ.
डोकं दुखतंय. उन्हामुळे असेल. अजून ऊन पडलेलं नाही, हे मान्य.

थोड्या वेळाने.
डोळ्यांपुढे चमकतंय. दादा एसटीडी बूथवर गेलेत, सुमितला विचारायला.

दादा आले. सुमित मशीनवर आहे, निरोप देतो, असं डेअरीतून सांगितलं. आई म्हणाली, "आवं, चला की आता!" दादा म्हणाले, "पाव्हण्यांचा फोन येऊ दे." ओट्यावर वाट बघत बसलेत. ताईच्या वेळी बसले होते त्याच जागी.

२५ जानेवारी, दुपार. बारामती, दवाखाना.
तयारी होईपर्यंत चार ओळी.
मी पिशवी उचलली आणि रस्त्यावर गेले. आई मागून पळाली, दादा अनवाणी. वडापची, प्रवासी भरून नेणारी जीप मिळाली. पुढे उसाचे ट्रॅक्टर. मी ड्रायव्हरला हॉर्न वाजवा म्हणत राहिले, तो वाजवतच होता. आईला सांगितलं, मी घाबरलेली नाही. म्हणाली, "व्हय गं. पर हात जरा ढिला सोड, बांगडी पिचंल."
आम्ही निघाल्यावर बूथवाल्याने डेअरीत पुन्हा फोन केला असणार. सुमित डेअरीची पांढरी टोपी आणि गमबूट घालून तसाच आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सिझर लगेच करावं लागेल, दोघांच्याही जिवाला धोका आहे. सही कोण करतंय?
दादा हात जोडून म्हणाले, "पाव्हणं म्हणतील तसं." सुमित म्हणाला, "मामा, तुमी..."
इतके दिवस मला वाटत होतं, हे एकमेकांचा मान राखतात. आज दोघांची तोंडं जवळून पाहिली. मान वगैरे काही नव्हता. दोघांच्या तोंडावर माझ्याच पोटातली भीती होती.
मी म्हटलं, पेन द्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, नवऱ्याची लागते. म्हटलं, त्यांची खाली घ्या, वर माझी.
सुमितने पुन्हा तेच विचारलं, "मी काय करू?" दादांच्या देखत म्हटलं, इथं उभं राहा, माझ्याजवळ. तो गमबुटांसकट बायकांच्या वॉर्डात येऊन उभा आहे. सिस्टर दोनदा ओरडून गेल्या. हलला नाही.
सही केली आहे. जरा वाकडी आली. पेन खराब होतं.