तीन शून्यं

नागपूर, ४ जून १९७४

प्रिय वच्छलाताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

कन्हानकडच्या एका शाळेच्या विहिरीचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आलं होतं. एक भाग ते पाणी आणि नऊ भाग शुद्ध पाणी, असं मी एकापाठोपाठ तीनदा, दर वेळी दहापट पातळ केलं. शेवटच्या काचेच्या बशीत जंतूंचे बेचाळीस ठिपके उगवले. म्हणजे विहिरीत त्याच्या हजारपट, बेचाळीस हजार! नव्या साहेबांनी अहवालात नुसते बेचाळीस लिहिले.

"बाई, लोक घाबरतील ना! काहून अडून राहिल्या? सही करा."

मी म्हटलं, "साहेब, पाहुणे वाढले की आई ताकात पाणी घालायची. म्हणून घुसळलेलं दही कमी व्हायचं का?"

सही केली नाही. खरा आकडा माझ्या सहीनं हेडमास्तरांना धाडला. आता साहेब चंद्रपूरला बदली करीन म्हणतात. निवृत्तीला आठ महिने उरलेत, करू देत.

आठवतं, कॉन्व्हेंटात गणितात शून्य विसरले म्हणून सिस्टरनी मला तासभर उभं केलं होतं आणि दाराआड तू रडत होतीस? आता रडू नकोस. या वेळी मी आपणहून उभी आहे.

तुझीच,
प्रेमिला