म्हसोबाचा बोकड आणि दोन गावांची टेकडी

चिंचाळे,
१८ ऑगस्ट

चि. कुंदन यास वत्सलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर रागावलं की तू रेंज गेली म्हणतोस. म्हणून कागदावर रागावते. हा कट करून दाखव.

तुझा बोकड टेकडी खातोय. इकडून नाशिक सरकतंय, तिकडून सिन्नर, मधे ही एवढीच उघडी जागा राहिली. आपण आणि पलीकडच्या बोरवंडीनं मिळून तिथं चराईबंदी केली, घरटी एक रोप लावलं. आणि तू एका कामावर वर्षभर टिकलास तर बोकड देईन, असा नवस मी म्हसोबाला बोलून बसलेय. तू टिकेनास, नवस फिटेना, आणि देवाच्या नावानं सोडलेल्या जनावराला दावं लावायची कुणाची हिंमत नाही. करंजाचे शेंडे त्यानं पार साफ केले.

काल बोरवंडीच्या सरपंच आशाताई सगळ्यांपुढे म्हणाल्या, आमच्या शेळ्यांना कोंडवाडा, आन वत्सलाबाईंचा बोकड काय जावई हाय का? दिवाळीपर्यंत तो आवरला नाही तर बोरवंडी बंदी मोडणार. मग त्यांची बाजू प्लॉटवाले घेतील, मागोमाग आपली. बंदीसाठी दारोदार मीच फिरले रे. आता कुठल्या तोंडानं सभेत बसू?

तब्येत जप. आणि टिक, बाबा.

तुझी काळजीनं वाळलेली
आत्या


मोरबी,
२ सप्टेंबर

ती. आत्यास कुंदनचा सा. न. वि. वि.

तू वाळलीस हे खोटं. शेजारच्या काळूनं फोटो पाठवला, त्यात बोकड आणि तू दोघं गुटगुटीत.

इथं टाइल्सच्या भट्टीवर हाय. पोळतं लय, पण बरं चाललंय. नववीत शाळा सोडली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, तुझं डोकं उलटंच चालतं. तर उलटं ऐक. म्हसोबाचं ठाणं कुणाच्या शिवारात? बोरवंडीच्या. मग देवाचा बोकड तू का सांभाळतेस? हळदकुंकू लाव, ताशा लाव, वाजतगाजत त्यांच्या हद्दीत नेऊन सोड. म्हणावं, देव तुमचा, जनावर तुमचं, आम्ही फक्त वाढवलं. देवाला नाही म्हणायची आशाताईंची छाती नाही.

ताशावाल्याला माझं नाव सांगू नको, मागचं भांडण मिटलेलं नाही.

लोभ हाय तो राहू दे, राग बोकडाला दे.

तुझा
कुंदन


चिंचाळे,
५ नोव्हेंबर

चि. कुंदन यास आशीर्वाद.

अरे, नेला! सगळं चिंचाळे निघालं. आशाताईंचा सत्कार आम्हीच केला, आणि त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार बोकडानं तिथल्या तिथं खाल्ला. बाईंनी हसावं की चिडावं, त्यांनाच कळेना. पण देवाला नाही कसं म्हणणार?

आता त्यांनी पाळ्या लावल्यात. बांधायचा नाही, तर रोज एका घरानं हिरवा डहाळा हातात धरून त्याच्यापुढं चालायचं, म्हणजे तो रोपांकडं बघत नाही. आशाताई म्हणाल्या, दिवसभर टेकडीवर हिंडताच हाय, तर पाण्याचा कॅन बी न्या. एका बाजूला पाणी पडलं तर आपली बाजू वाळकी कशी दिसेल? म्हणून आपल्यातही पाळ्या सुरू झाल्या. बंदी मोडायची गोष्ट आता कुणी काढत नाही.

फक्त बोरवंडीकर मला रोज विचारतात, कुंदन टिकला का हो? मी म्हणते टिकलाय, की त्यांचं तोंड उतरतं. नवस फिटला तर बोकड जाईल, पाळी मोडेल, आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालेल? मी मात्र तू टिकावास म्हणून रोज दिवा लावते. देवाला दोन्हीकडून ओढ लागलीय बघ.

तुझी
आत्या


मोरबी,
२० नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पहिल्यांदा काम आवडलं. मुकादमही चांगला. होळीला वर्ष भरतंय. आणि तिकडं अख्खं गाव देव पाण्यात ठेवून बसलंय, की हा पोरगा पळू दे!

मी खूप इचार केला, म्हणजे एक चहा संपेपर्यंत. होळीच्या आठवडाभर आधी काम सोडतो. तू दिवा लावू नको, तेल वाचव. आशाताईंना सांग, बोकड वाचला. तुला राग येईल, माहीत हाय. पण उन्हाळ्यातलं पाणी वर न्यायला माणूस कमीच पडणार ना? आपल्या घरच्या पाळीला माझं नाव लाव.

मोठा कॅन ठेव. छोट्यानं माझं भागत नाही.

तुझा न टिकणारा
कुंदन