यान्बूतल्या ओट्यापाशी नाटक

आई,

काल शब्दकोडं सोडवताना नाटकाचा एक क्लू आला आणि आपलं सौदीतलं, यान्बूचं स्वयंपाकघर आठवलं. मी तेव्हा नववीत होते. बाबा रिफायनरीच्या ऑफिसातून रोज मराठी पेपरच्या वेबसाइटवरचं कोडं छापून आणायचे. रत्नागिरी सोडून आल्यापासून तू फारशी बोलत नव्हतीस, आणि तुला परत पाठवावं की काय असं त्यांच्या मनात घोळत होतं. कोड्याने तू बोलती झालीस. तुझे हात कणकेत, म्हणून क्लू मी वाचायची, इंग्रजी शाळेच्या सवयीने अडखळत. शेजारची खाला तिचं काम आटोपून येऊन बसायची. ती दापोलीकडची, उर्दू शाळेत शिकलेली. मराठी झकास बोलायची, पण वाचता येत नव्हतं. सिनेमाचा क्लू आला की उत्तर तिचं, नाटकाचा आला की तुझं. कुठल्या नटीने कुणाशी लग्न केलं यावरून तुमची जुंपायची आणि चौकट रिकामीच राहायची. "इथे ना सिनेमा थिएटर, ना नाटक. व्हॉट्स द यूज?" मी एकदा म्हणाले. "माहेर लांब आहे म्हणून विसरायचं का?" तू म्हणालीस, आणि पुढचा क्लू वाचायला लावलास.

एका दुपारी क्लू आला: विंगेत उभं राहून नटांना विसरलेले संवाद सांगणारा. तू पोळी तव्यावर टाकत होतीस. "प्रॉम्प्टर," म्हणालीस, आणि जरा थांबून, "लग्नाआधी मी तेच करायचे. आमच्या हौशी मंडळात." मला हे ठाऊकच नव्हतं. खाला म्हणाली, "म्हणजे सगळ्यांचे संवाद तुला पाठ? मग कर की, वहिनी." तू मान हलवलीस. "मी कधी उजेडात आलेच नाही गं." खालाने उठून गॅस बंद केला.

तू ओट्याला टेकून सुरू करतेस, विंगेतून कुजबुजावं तसं. "मोठ्याने," खाला म्हणते. मग तू सासरा होतेस, सून होतेस, झिंगलेला दीर होतेस. हातांना अजून पीठ आहे. खाला ओढणी डोळ्यांना लावते. तुझा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकतेय.

संपल्यावर मी दार उघडलं, तर बाबा जिन्यात बसलेले, हेल्मेट मांडीवर. आत पडदा पाळणारी खाला आहे म्हणून थांबले होते. तू गोरीमोरी झालीस. "बाहेर ऐकू येत होतं?"

"येत होतं," बाबा म्हणाले. "सुरुवात हुकली माझी. पुन्हा करशील?"

तुला परत पाठवायचा विषय त्यानंतर निघाला नाही. शुक्रवारी आजूबाजूच्या बायका आपल्या हॉलमध्ये जमू लागल्या, आणि त्यांचे नवरे बाबांबरोबर जिन्यात चहा घेत ऐकू लागले. कोडं मात्र तू रोज सोडवत राहिलीस, यान्बू सोडेपर्यंत.

तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. कुणी विचारलं तर मी सांगते, माझी आई नटी होती. प्रॉम्प्टरचं सांगत नाही. तुला हे चालणार नाही, माहीत आहे. तरी सांगते.