मोळीवालीचा डावा हात

३ फेब्रुवारी
वीस फूट! सिद्धोधनचं 'मोळी' हे चित्र आज परभणीच्या हॉलमध्ये लागलं. ऊसतोड करणारी बाई, डोक्यावर मोळी, तोंड लाल-हिरवं. पेपरवाले लिहितात — 'याआधीचं त्याचं सगळं काम म्हणजे तयारी.' तयारी! ती माझ्या दुकानात झाली. जयंतीच्या स्टेजचे पडदे मी रंगवायचो आणि हा माझे ब्रश धुवायचा. फ्लेक्स आलं, पडदे गेले. मी आता नंबरप्लेटा रंगवतो.

धम्मशीला म्हणते, "तुमी बी एवढाले पडदे काढलेच की." बायकोनं समजूत काढली की जास्तच झोंबतं.

४ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. जळतोय मी, दुसरं काही नाही.

६ फेब्रुवारी
जाऊन पाहिलं. सापडली चूक! बाईला दोन्ही हात उजवेच! मोळीवरच्या डाव्या हाताचा अंगठा भलतीकडे. गड्यानं खाक्याचा कागद उलटा टाकून गिरवलाय. पडदे रंगवणाऱ्या प्रत्येकाकडून एकदा तरी होतं असं. आणि शेजारी एक प्राध्यापक पोरींना सांगत होते, "हाच एक्स्प्रेशनिझम. वेदनेनं मोडलेलं शरीर बघा." हसू आवरेना. बाहेर येऊन दोन प्लेट भजी खाल्ली.

७ फेब्रुवारी
चारचौघांत सांगितलं सिद्धोधनला. वाटलं, चिडेल. त्यानं स्वतःचा डावा हात डोक्यावर धरून बघितला. मग — "च्यायला, खरंच की! नागनाथदादा, आता तुमीच नीट करा. परवा दिल्लीला जायलंय चित्र. तुमच्यासारखा हात मला कुठं जमतो?"

थट्टा नव्हती, मनापासून बोलला. त्याचाच जास्त राग आला.

८ फेब्रुवारी
हॉल लोकांसाठी बंद होता; आत सिद्धोधन आणि मी, दोघंच. शिडीवर चढलो. ब्रश लावण्याआधी तो हात जवळून बघितला. बराच वेळ बघितला. त्या उलट्या अंगठ्यामुळं बाई मोळी धरत नव्हती — फेकून देत होती! सगळा संताप तिथंच होता. माझ्या एकाही पडद्यात असं काही कधी आलं नाही.

कळलं. तरी रंगवला. अंगठा, नखं, शिरा — बिनचूक.

सिद्धोधन खालून ओरडला, "आता जमलं बघा, दादा! लय भारी!" त्याला काहीच दिसलं नाही.

९ फेब्रुवारी
चित्र दिल्लीला गेलं. बाई आता नुसती मोळी वाहते.